दारातली नायिका

डबिंग स्टुडिओत दोन अमेरिकन चित्रपटांचं काम चाललं होतं. एक साठ वर्षांपूर्वीचा, घोडेस्वाराचा. दुसरा गेल्या वर्षीचा, अंतराळवीराचा. दोन्ही नायिकांना मराठी आवाज एकाच बाईंचा. या कामात बाईंचे केस पांढरे झाले होते.

"बाई, कालचा आवाज आज चालणार नाही," तरुण दिग्दर्शकाने बजावलं. "काल घोडेस्वाराचा सिनेमा होता, हा विज्ञानपट आहे. काळ वेगळा, जातकुळी वेगळी. जमीन-अस्मानाचा फरक आहे."

बाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि माइकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर यान निघालं. नायिका दारात आली. "परत येशील ना?" तिचे ओठ हलले, शब्द त्यांवर तंतोतंत बसले.

दिग्दर्शक खुर्चीतून उठलाच. "बघा, याला म्हणतात विज्ञानपटाचा आवाज. कालच्यात ही धार कुठे होती?"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने जीभ चावली. "साहेब, बाईंनी अजून तोंडच उघडलेलं नाही. आवाजाची पातळी बघायला मी घोडेस्वाराच्या सिनेमातला काल रेकॉर्ड केलेला टेक लावला होता."

दिग्दर्शक पुन्हा खुर्चीत बसला.

बाईंनी हेडफोन काढून खुंटीला अडकवले. "साठ वर्षांत नायकाच्या घोड्याचं यान झालं. ही मात्र दारातच उभी आहे, तेच विचारत. हिला दुसरं वाक्य देणारा चित्रपट घेऊन या, साहेब. दुसरा आवाज माझ्याकडे केव्हाचा तयार आहे."