केसांची कात्री
सशाचे वाकडे वाढलेले पुढचे दात टाळूत रुतले, म्हणून डॉक्टरांनी ते उपटून काढले. दोन दिवस झाले, ससा गवताला तोंड लावेना. ‘संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही, तर आतडी थांबतील,’ डॉक्टर म्हणाले. ‘सोड गं, ग्वेन. पिकं वाचवायला तुझ्या बापानं टास्मानियातले निम्मे ससे मारले,’ नवरा म्हणाला. ‘मारले असतील. हा माझा आहे.’ ग्वेननं आपल्या सलूनला कुलूप घातलं आणि केस कापायची कात्री घरी आणली. त्याच कात्रीनं नवऱ्यानं एकदा पुठ्ठा कापला, तेव्हा आठवडाभर तिनं अबोला धरलेला. गिऱ्हाइकाची बट धरावी तशी गवताची जुडी धरून बारीक कापत राहिली. ससा नुसता हुंगायचा. आणखी बारीक. अखेर त्याचे ओठ हलले, एक काडी आत गेली, दाढा करकरल्या. नवरा कात्री सलूनमध्ये ठेवायला निघाला. ‘इथंच ठेव,’ ग्वेन म्हणाली. ‘सशाची आहे ती.’