परुळेकरबाईंची पेज

स्तनाच्या कॅन्सरची तिसरी केमो झाली आणि केतकीच्या पोटात अन्न ठरेना. "गरम आहे तोवर खा गं," म्हणत तिच्या सासूबाई शकुताई वाफाळता मऊभात पुढ्यात ठेवायच्या. दोन घासांत सगळं बाहेर. शेजारच्या परुळेकरबाईंची पेज मात्र ती वाटीभर प्यायची. शकुताईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

"एवढं काय मेलं घालते ती?" पुटपुटत आज त्यांनी परुळेकरबाईंचा डबा उघडून पेज चाखली. तांदूळ आणि मीठ, बस्स. वर गारढोण! आजारी माणसाला असलं देतात? त्यांनी पेज चांगली कडकडीत तापवून सुनेला दिली.

पहिल्याच घोटाला केतकीनं बादली ओढली. 'चला, त्या बाईचंही उलटलं!' सुनेची पाठ चोळताचोळता शकुताईंना चक्क बरं वाटलं.

"आई, वाफेच्या वासानंच ढवळतं हो," केतकी धापा टाकत म्हणाली. "त्या गार आणतात, म्हणून पोटात राहते."

दुपारी शकुताईंनी मऊभात केला आणि चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, कुणालाही हाक न मारता, ताटलीला पदरानं वारा घालत बसल्या.