अ‍ॅपचा गुण

फोन बंद पडला तेव्हा रणजीत पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीच्या गेटवर उभा होता. हातात कुणाचं तरी गरम जेवण, आणि फ्लॅटचा नंबर मात्र त्या मेलेल्या फोनच्या पोटात.

"भावा, बॅटरी वाचवणारं अ‍ॅप टाक ना," मागून आलेला प्रज्वल म्हणाला. तोही पार्सलंच पोचवायचा. "फुकट आहे राव. बटण दाबायचं, सगळं साफ."

"त्यानं काय होतंय?"

"होऊन होऊन काय होईल? आत्ता तरी कुठं चालतोय तुझा!"

हे बाकी खरं होतं. रणजीतनं वॉचमनच्या चार्जरवर फोन जरा जिवंत केला, आधी पार्सल पोचवलं आणि मग अ‍ॅप टाकलं. बटण दाबलं की पडद्यावर हिरवा झाडू फिरायचा आणि खाली अक्षरं यायची, 'बॅटरीचं आयुष्य वाढलं.' वाचून बरं वाटायचं.

सगळं पोट आता त्या फोनवर होतं. चाकणच्या कारखान्यातली त्याची कंत्राटी नोकरी दिवाळीनंतर गेली. लाइन बंद, उद्यापासून येऊ नका, संपला विषय. आणि ही बातमी मोशीतल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत काही झालं तरी पोचायला नको होती. बायकोला, साधनाला, सातवा महिना होता. मागच्या खेपेला त्याला असाच कामावरून ब्रेक मिळाला, तिनं ते जिवाला लावून घेतलं, रडून रडून अंथरूण धरलं आणि पोटातलं लेकरू गेलं. ह्या वेळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावून बजावलं होतं, "हिला टेन्शन द्यायचं नाही. रडू तर अजिबात द्यायचं नाही."

म्हणून तो रोज कंपनीचाच शर्ट घालून निघायचा आणि पुढं पेट्रोल पंपावर बदलायचा. कंपनीची बस बंद झाली, आता गाडीवर जातो, हे एक खोटं. कँटीनचं जेवण बिघडलंय, डबा देत जा, हे दुसरं. एक खोटं पचवायचं तर आणखी दहा शिजवावी लागतात, आणि रणजीत काही मुळातला खोटारडा नव्हता. रात्री तिच्या नजरेला नजर द्यायचं तो टाळायचा.

साधना मात्र कशालाच आडवी जायची नाही. डब्यासोबत लिंबाच्या सरबताची बाटली द्यायची. रस्त्यावर धूळ लई, म्हणून तोंडाला बांधायला तिनं आपल्या ओढणीचं फडकं शिवून दिलं होतं.

"फोन कामून बंद येतोय हो तुमचा?" त्या संध्याकाळी तिनं विचारलं. "आधी तर लॉकरमधून भरलेला यायचा." कंपनीत आत फोन नेऊ देत नसत, शिफ्ट संपेपर्यंत तो लॉकरमध्येच पडून असायचा.

"बॅटरी म्हातारी झाली. पण आता अ‍ॅप टाकलंय, बघच तू."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी तो मेल्यासारखा झोपला. उठला तर साधना दारात चपला काढत होती, हातात त्याचा फोन.

"माझा रिचार्ज संपलाय. आईला लावायला खाली गेले होते, घरात रेंज येत न्हाई."

"अगं, एवढा जिना! मला उठवायचंस की."

"झोपू द्यावं म्हटलं जरा," ती म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला वळली.

सोमवारी चमत्कार झाला. ऊन कललं, दिवे लागले, तरी फोन जिवंत. संध्याकाळच्या सगळ्या ऑर्डरी त्याला मिळाल्या. मंगळवारीही तेच. रणजीतला देव पावल्यासारखं झालं. आता दोन महिने असेच ढकलायचे. बाळ एकदा हातात आलं की तिच्यासमोर बसून सगळं सांगून टाकू, मग ती रागावू दे, नाहीतर भांडू दे. ह्या विचारानं त्याला किती दिवसांनी मोकळा श्वास आला.

त्या आनंदात त्यानं भेटेल त्याला ते अ‍ॅप टाकायला लावलं. झालं भलतंच. आठवडा संपायच्या आत प्रज्वल त्याच्यावर उखडला.

"काय अ‍ॅप गळ्यात मारलंस राव! माझा तर आधीपेक्षा लवकर बसतोय. तुझ्याच फोनला काय अंगारा लावलाय का?"

"तुझी सेटिंग चुकली असेल."

"चल मग, विचारूच," म्हणत प्रज्वलनं त्याला मोशीतल्या योगिनीच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ओढून नेलं. ती गावातल्याच जुन्या घरची, बोलायला फटकळ. रणजीत तिथं पहिल्यांदाच येत होता.

प्रज्वलचं गाऱ्हाणं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आवो, असल्या अ‍ॅपनं बॅटरी वाचती व्हय कधी? त्ये सोताच आत जागं बसतंय. एकीकडून बंद करतंय, फोन दुसरीकडून उघडतोय, त्यातच निम्मी बॅटरी जाती. काढून टाका आधी."

"मग हा कसा दिवसभर चालतो?" प्रज्वलनं रणजीतचा फोन काउंटरवर ठेवला.

योगिनीनं तो उलटा करून पाहिला आणि हसली. "ह्यो व्हय? ह्यात बॅटरीच नवी हाय. रविवारी म्याच बसवली."

रणजीतनं फोन हातात घेतला. "कुणी आणला होता?"

"एक पोटुशी बाई आली होती. म्हणाली, मालक दिवसभर पार्सल वाटत फिरत्यात, मॅप चालूच ठिवावा लागतोय, चांगल्यातली बसवा. नोकरी गेल्याचं माझ्यापास्नं लपवत्यात, म्हणाली. आन् माझं काम हुईस्तोवर हितंच स्टुलावर बसून रडत होती बिचारी."