पलीकडचा उतार

सातवं वळण मागे पडलं आणि तिच्या लक्षात आलं, डावा पाय खाली जाताना पेडल जड लागतंय. उजवा जाताना नाही.

सायकल दोघांची होती. पुढे मास्तर, मागे ती. दोघांची पेडलं साखळीने एकमेकांना बांधलेली, त्यामुळे एकाने अंग चोरलं तर दुसऱ्याच्या पायाला कळल्याशिवाय राहत नसे. त्यातून तिने तीस वर्षं शिलाईचं मशीन पायाने चालवलेलं. तिने मुद्दाम डावा पाय सैल सोडून पाहिला. सायकल जागच्या जागी लटपटली.

"दमलीस वाटतं?" मास्तरांनी मान न वळवता विचारलं. दोन शब्द बोलतानाही त्यांना धाप लागली होती.

"हो ना. थांबू या जरा."

ते थांबले. मास्तर कठड्याला टेकून उभे राहिले. डोळे मिटलेले, तोंड उघडं. खाली पूल काडीएवढा दिसत होता. तिने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा त्यांनी ती उजव्या हाताने घेतली आणि झाकण दातांनी उघडलं.

"तुझ्यापायी आज उशीर होणार," ते म्हणाले.

"होऊ दे."

पुढच्या बारा वळणांत ती आणखी चार वेळा दमली. प्रत्येक वेळी तिनेच म्हटलं, थांबू या. शेवटच्या चढावर तिच्या डाव्या मांडीत गोळा आला. तो जिरवायला तिने ओठ घट्ट दाबून धरले, पण पाय फिरवायचा थांबवला नाही.

खिंडीत वाऱ्याने नुसता धुमाकूळ घातला होता. तिथल्या एकुलत्या एका दुकानाचा पत्रा खडखडत होता. दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि हातातली किटली तशीच खाली ठेवली.

"या मास्तर, या! यंदाही काकूंना ओढत आणलंत वर? मानलं बुवा तुम्हाला. काकू, तुमचं बरंय, मागे बसायचं आणि हवा खायची!"

"तर काय," ती म्हणाली. "यांच्या जिवावर मजा चाललीय माझी."

दुकानदार हसत चहा आणायला आत गेला. मास्तर हसले नाहीत. ते बाकावर बसले होते. डावा हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा उचलून ठेवावा तसा मांडीवर ठेवला होता.

"कधी कळलं तुला?"

"सातव्या वळणाला."

"आणि बोलली नाहीस?"

"चढावर बोललं की दम लागतो."

वारा थोडा पडला, पुन्हा उठला. मास्तर समोरच्या रस्त्याकडे बघत होते. चढून आले तो नव्हे, पलीकडचा. खिंड ओलांडली की रस्ता सरळ घळीत उतरत होता. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला नदी आणि मध्ये जेमतेम एक ट्रक जाईल एवढी जागा. चौदा किलोमीटर नुसता उतार.

"डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो," ते म्हणाले. "महिने झाले सहा. डाव्या अंगातला जोर जाणार म्हणाले. हळूहळू. पायाचं चालून जातं गं, तू असतेस. हाताचं मात्र… ब्रेक पुरता दाबला जात नाही."

तिने विचारलं, "आणि हा उतार तुम्ही कसा उतरणार होतात?"

मास्तर मांडीवरच्या हाताकडे बघू लागले.

"मला मागे बसवून?"

"एकदा शेवटचं यायचं होतं," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

चहा आला. दुकानदाराला दोघांचे चेहरे दिसले असावेत. तो मुकाट्याने पेले ठेवून आत गेला. तिने आपला पेला उचललाच नाही. एवढा संताप आला होता की रडू येईल असं वाटत होतं, आणि रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"ट्रक थांबवू या एखादा," मास्तर म्हणाले. "सायकल टाकू मागे. तू म्हणशील तसं."

तू म्हणशील तसं! एवढ्या वर्षांत रस्त्याबद्दल त्यांनी तिला कधी काही विचारलं नव्हतं. ती उठली. पिशवीतून पाना काढला आणि पुढची सीट चार बोटं खाली केली. मग हँडलचे दोन्ही ब्रेक दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघितले.

"अगं, तुला पुढची सवय नाही. वळणावर आतल्या बाजूला—"

"मागे बसा."

"ऐक तरी—"

"अहो, मागे बसा म्हणते ना."

मास्तर बसले. त्यांना डावा पाय वर घेता येईना, तेव्हा तिने वाकून तो उचलून पेडलवर ठेवला.

घळीत शिरताच गारठा अंगावर आला. नदीचा आवाज एवढा, की दुसरं काही कानावर येत नव्हतं. पहिल्या वळणावर तिची बोटं ब्रेकवर इतकी आवळली गेली की सायकल थांबलीच. तिने पाय टेकला, श्वास घेतला आणि पुन्हा सोडली. दुसरं वळण नीट गेलं. तिसऱ्यावर समोरून ट्रक आला. ती कातळाला खेटून उभी राहिली. ट्रकवाला पार दिसेनासा होईपर्यंत आरशातून या दोघांकडे बघत होता. मागून एकही सूचना आली नाही.

मनगटं भरून आली. बोटं ब्रेकवर आखडल्यासारखी झाली. सरळ रस्त्याचा एक तुकडा लागला तेव्हा तिच्या पाठीला काहीतरी टेकलं. मास्तरांचं डोकं होतं. ते रडत होते की नुसतेच थकले होते, कळायला मार्ग नव्हता. मान वळवून बघण्याची सोय नव्हती, पुढचं वळण जवळ येत होतं.

हेल्मेटची कड तिच्या पाठीत रुतत होती. तिने ती तशीच रुतू दिली आणि दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आणले. अजून अकरा किलोमीटर होते.