निरोप

ताप बघायचा म्हणून नवऱ्यानं थर्मामीटरसाठी खण उघडला, तर आत गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

पाकीट घेऊन तो पलंगापाशी आला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"घेतल्या म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

"मग हे काय?"

ती वळली नाही. कालपासून तिला दूध दाटलं होतं. छाती दगड झाली होती, ठणका पार काखेपर्यंत जात होता. सासूबाईंनी दोनदा गाऊन बदलून दिला आणि ओले गाऊन बाहेर न टाकता न्हाणीघरातल्या दोरीवर वाळत घातले. कुणी बघायला नको, कुणी विचारायला नको.

बाळ पोटातच गेलं होतं. तिनं पाहिलं ते एवढंसं कपाळ आणि एक कान. ती दवाखान्यात होती तोवरच नवरा नि सासरे त्याला पोचवून आले. निघताना डॉक्टरीणबाईंनी गोळ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "बाळामागची वार पडली की शरीर समजतं, मूल आलं. लगेच आतून हुकूम सुटतो, दूध तयार करा. हुकूम देणाऱ्या त्या हार्मोनला मूल आहे की नाही ते दिसत नाही हो. या गोळीनं तो हुकूम थांबतो."

तिनं मान डोलावली होती. घरी येऊन पाकीट खणात टाकलं होतं.

"अगं, गाठी होतील. पू धरेल." नवरा पलंगाच्या कडेला टेकला. त्याच्या नखांत पांढरी पावडर अडकली होती. घरामागं त्यांची रोपवाटिका. गुलाबाच्या काड्या त्या पावडरीत बुडवून वाळूत खोचायच्या, म्हणजे मुळं लवकर फुटतात. दवाखान्यातून आल्यापासून तो तेच करत बसला होता. जेवायला हाक मारली तरच घरात यायचा.

"धरू दे."

"असं कसं धरू दे? हे बघ, आपण काडी लावतो ना, तसंच आहे हे. झाडापासून तोडलेली असते, मुळांचा पत्ता नसतो, तरी तिला पानं फुटतात. आत होता तेवढा रस वर चढतो. तिला कुठं ठाऊक असतं..."

बोलून बसलो, हे त्याला उशिरा कळलं.

"आपल्याला तोडलंय ते," तिनं वाक्य पुरं केलं. मग वळून त्याच्याकडे बघितलं. "आणि त्या पानांचं काय करता तुम्ही?"

"खुडतो." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नाहीतर काडीच वाळून जाते."



"सगळ्यांना कळलंय हो," ती म्हणाली. "आईंना कळलं, शेजारणींना कळलं. पाळणा माळ्यावर गेला, तेही बघितलं मी. हे एवढंच राहिलंय." तिनं छातीवर हात ठेवला. "याला अजून वाटतंय, तो आहे. याला एवढ्यात सांगू नका."

गोळ्यांचं पाकीट तो नुसता या हातातून त्या हातात करत राहिला.

सासूबाई गार पाण्याचं पातेलं आणि फडकी घेऊन आत आल्या. त्यांनी दारातून ऐकलं असावं. फडकं पिळून त्यांनी सुनेच्या छातीवर ठेवलं, कडा नीट केल्या.

"मलाही आलं होतं असंच," त्या म्हणाल्या. "याच्या आधीची. मुलगी होती."

नवऱ्यानं चमकून आईकडे पाहिलं. हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

"तेव्हा कुठल्या गोळ्या! फणफणले होते तापानं. मग आपोआप आटलं." त्या दुसरं फडकं पिळू लागल्या. "आटलं त्या दिवशी जेवढी रडले ना, तेवढी ती गेली तेव्हाही नव्हते रडले. तुला सांगते, आज घे काय नि चार दिवसांनी घे काय, तो दिवस चुकत नाही. पण तू जळून त्या लेकराला काय पोचणार आहे? घे, बाळा."

ती उठून बसली. नवऱ्यापुढं हात पसरला. त्यानं गोळी फोडून तळव्यावर ठेवली, पेला दिला. ती गोळीकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग एका घोटात गिळून मोकळी झाली.

सासूबाई पातेलं उचलून बाहेर गेल्या. दार त्यांनी ओढून घेतलं.

नवऱ्यानं पेला घेतला, खाली ठेवायला वाकला आणि तसाच वाकून राहिला. तिला वाटलं, कंबर धरली. मग त्याचे खांदे गदगदा हलायला लागले. इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या त्या माणसानं एकदम गळा काढला.

तिनं त्याचं डोकं जवळ ओढलं. त्या आवाजासरशी तिच्या छातीत झिणझिणत कळ उठली आणि पान्हा फुटला. फडकं भिजलं, गाऊन भिजला, त्याचा गाल भिजला. तो दचकून मागं सरायला लागला.

तिनं सोडलं नाही.

"रडा," ती म्हणाली. "रडा तुम्ही."