तांदळाचा मोजा
पिप ही आमची मधुमेही मांजर. तिला कान टोचून घ्यायची सवय लावायला माझ्या बायकोला, ग्लेनिसला, दोन महिने लागले. रोज सकाळी सातला ग्लेनिस तांदूळ भरलेला माझा जुना मोजा मायक्रोवेव्हमध्ये गरम करून पिपच्या कानाला लावायची, टोचून रक्ताचा थेंब तपासायची, इन्सुलिन द्यायची आणि वर चिकनचा तुकडा. मी जवळ गेलो की मात्र पिप बोचकारायची. "हात आहेत की फावडी तुझे?" ग्लेनिस हसायची. त्या सोमवारी ती पहिल्या बसने बहिणीकडे कार्डिफला गेली. मी चहा ओतत होतो, तर पिप आपणहून तिच्या रोजच्या टोचण्याच्या टॉवेलवर येऊन बसली आणि तिनं कान पुढे केला. माझ्यापुढे! यंत्रावर साखर चढलेली दिसली. मी इन्सुलिन दिलं, चिकन दिलं, आणि दहाला ग्लेनिस पोचल्यावर फोन करून फुशारकी मारली, "आज तिनं मला कान दिला! आता बघ कशी गाढ झोपलीय." पलीकडून ती म्हणाली, "अरे अल्विन, निघण्याआधी मी दिलं होतं इन्सुलिन. तुला ती हात लावू देणार नाही असं वाटलं रे." पिप दुसऱ्या तुकड्यासाठी आली होती. उतरलेली साखर वाढावी म्हणून हिरड्यांना मध चोळत मी तिला डॉक्टरकडे पळवलं, पण ती जागी झालीच नाही. संध्याकाळी मी बागेत खड्डा खणला. दुपारच्या बसने परतलेल्या ग्लेनिसनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. पिपला ठेवलेलं खोकं बंद करायच्या आधी ती घरात गेली, मोजा गरम करून घेऊन आली आणि पिपच्या कानाशी ठेवत म्हणाली, "गार लागला की मागे घेते ती कान."