शेवटच्या रांगेचा प्रश्न

वाचनालयाच्या उन्हाळी कथावाचनात यंदा पहिल्यांदाच मला बोलावलं. "काका, माईक चावत नाही, जवळ घ्या," असं ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मी तळ्याची गोष्ट वाचली. पाय घसरून तळ्यात पडलेला मुलगा बुडता बुडता पायातली चप्पल काठाकडे भिरकावतो. काठावर पुस्तक वाचत बसलेला माणूस पाण्यात उडी मारतो आणि त्याला बाहेर काढतो. टाळ्या पडल्या.

लाजणारी माणसं मागे बसतात, म्हणून पहिला प्रश्न शेवटच्या रांगेचा, असा इथला नियम. तिथून शिवणकाम करणारी बाई उठली. तिचा मुलगा तळ्यात बुडाला, त्याला तीन वर्षं झाली. काठावर तेव्हा कुणीच नव्हतं, असं सगळे म्हणतात.

"काका, त्याची एक चप्पल मला काठावरच्या झुडपात सापडली होती. ती मी आजवर कुणालाच दाखवलेली नाही. तुम्हाला चपलेचं कसं कळलं?"

चप्पल शेजारच्या झुडपात येऊन पडली, तेव्हा मी हातातल्या पुस्तकाचं पान संपवूनच मान वर केली होती.